चढावर दम सोडणारी गाडी

आरसेवाल्या मिस्त्रींचं खरं नाव गॅरेजच्या पाटीवर होतं, पण पाटी वाचायची गरज कुणाला पडत नसे. गाडी दुरुस्त झाली की मिस्त्री बॉनेट उघडत, गिऱ्हाइकाला जवळ बोलावत आणि इंजिनाच्या झाकणाकडे बोट दाखवून विचारत, "तोंड दिसतंय का?" दिसायचंच. ब्रेकची तक्रार असो की दिव्याची, त्यांच्या हाताखालून गेलेलं इंजिन रॉकेल आणि ब्रशने घासून लख्ख झाल्याशिवाय दाराबाहेर पडत नसे. रंग न लावता नटाने रंगमंचावर पाऊल टाकावं, तसं त्यांना न घासलेलं इंजिन बाहेर सोडणं वाटे. तीस वर्षं हा एकच खेळ ते न चुकता करत आले होते, आणि तीस वर्षांत "मिस्त्री, तुमच्या हातून बिघडलं" हे वाक्य त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

ते ऐकायची वेळ आणली ती घरच्याच माणसाने.

मंगळवारी दुपारी वहिनी पिकअप घेऊन आल्या. गाडी दारात लावली आणि किल्ली मिस्त्रींच्या हातात न देता बाकावर ठेवली.

"भावोजी, गाडी परत चढावर बसली."

"कितव्यांदा?"

"तिसऱ्यांदा. तुमच्याकडून धुऊन नेल्यापासून तिसऱ्यांदा."

'धुऊन नेल्यापासून' हे शब्द मिस्त्रींच्या कानात खड्यासारखे टोचले. ही गाडी मुळात त्यांच्या थोरल्या भावाची, दादाची. शहरातल्या धुलाईखान्यातून टेकडीवरच्या इस्पितळात रोज सकाळी धुतलेल्या चादरी पोचवायचं काम दादाने आठ वर्षं केलं. गेल्या वर्षी दादा गेला. दोन महिन्यांनी वहिनींनी पदर खोचला आणि स्वतः स्टिअरिंगमागे बसल्या. मिस्त्रींनी तेव्हा सुचवलं होतं, "गाडी विकून टाका, गिऱ्हाईक मी बघतो." त्यात काळजीच होती. पण वहिनी एवढंच म्हणाल्या होत्या, "बघू." तो 'बघू' तेव्हापासून दोघांमध्ये पाचर मारल्यासारखा बसला होता.

"नेमकं काय होतं ते सांगा," मिस्त्री म्हणाले.

"तिसऱ्या वळणापर्यंत झकास चढते. मग कुणी नाक दाबल्यासारखी होते. एक्सलेटर तळाला टेकला तरी पुढे जायचं नाव नाही. मागे काळाकुट्ट धूर. मग पहिल्या गिअरवर, मुंगीच्या पावलांनी वर."

"गिअर वेळेवर टाकता ना?"

वहिनींनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. "ज्यांनी शिकवलं ते तुमचेच भाऊ होते."

"तसं नाही म्हणत मी."

"एक विचारू? आतला टर्बो तोच आहे ना, पहिला?"

मिस्त्रींच्या हातातलं फडकं थांबलं. टर्बो म्हणजे इंजिनाच्याच धुरावर फिरणारा पंखा. तो इंजिनाच्या छातीत जास्तीची हवा कोंबतो, म्हणून एवढंसं इंजिन एवढा भार ओढतं. गाडीतला सगळ्यात महागडा आणि सगळ्यात चोरण्याजोगा भाग तोच.

"म्हणजे काय म्हणायचंय?"

"काही नाही. वाळूच्या गाडीवरचा ड्रायव्हर सांगत होता, हल्ली लोक चांगला काढून घेतात आणि जुना बसवतात."

"लोक बसवतात. मी लोक नाही."

"म्हणून तर विचारलं," वहिनी म्हणाल्या आणि पिशवी उचलून उठल्या. दारापाशी थांबल्या. "शनिवारी शेवटची संधी आहे. त्या दिवशी अकराच्या आत चादरी वर पोचल्या नाहीत तर सोमवारपासून दुसरी गाडी लावणार म्हणून इस्पितळातल्या साहेबांनी सांगितलंय."

त्या गेल्यावर मिस्त्रींनी गाडी काढली आणि थेट टेकडीचा रस्ता धरला. त्यांचा एक नियम होता: गाडी तपासायची ती रिकामी, आणि एकट्याने. भार असला की गाडी कण्हते आणि शेजारी मालक असला की तो कण्हतो, मग दुखणं कुणाचं ते कळत नाही. पिकअप सगळी वळणं हरणासारखी चढून गेली. वर इस्पितळाच्या फाटकापाशी त्यांनी गाडी वळवली, पुन्हा खाली आले, पुन्हा चढले. ना धूर, ना धाप.

मग त्यांच्या मनात पाल चुकचुकली. गाडीत काही नाही, तर चालवणाऱ्यात आहे. किंवा चालवणारीला गाडी बिघडल्याचं भासवायचं आहे. उद्या काम गेलं तर बोल कुणाला? भावोजींनी गाडी बिघडवली, त्यांना ती विकायचीच होती. असं नातेवाइकांत पसरायला किती वेळ लागतो? त्यांनी खिशातून खडू काढला आणि किलोमीटरचा आकडा गॅरेजच्या भिंतीवर, पान्यांच्या फळीमागे, लिहून ठेवला. गाडी इस्पितळाशिवाय आणखी कुठे कुठे फिरते ते कळायला हवं होतं.

तरी हात स्वस्थ बसेनात. त्यांनी डिझेलचा फिल्टर बदलला. हवेची जाळी झटकली. तारा चाचपल्या. टर्बोकडून इंजिनाकडे जाणारा जाड रबरी पाइप वरून दिसेल तेवढा पाहिला. चार वर्षांपूर्वी तो त्यांनी स्वतःच बसवला होता, आणि आपल्या हातचं काम पुन्हा काय उलटून बघायचं? मग ते टर्बोशी वाकले, आणि वाकलेलेच राहिले.

टर्बोच्या चारही बोल्टांवर लाल रेघा होत्या. अर्धी रेघ बोल्टवर, अर्धी खालच्या लोखंडावर, अगदी सरळ. बोल्ट कुणी फिरवला तर रेघ तुटणार. मिस्त्रींनी नखाने खरवडून पाहिलं. नेलपॉलिश.

रात्री जेवताना त्यांनी बायकोला सांगितलं. बायकोने पोळी वाढता वाढता विचारलं, "आणि तुम्ही भिंतीवर आकडा लिहिलात तो?"

"तुला कुणी सांगितलं?"

"फळी पुसायला मीच येते ना दर मंगळवारी. आकडा आज दिसला, कुणाच्या गाडीचा ते तुम्ही आत्ता सांगितलंत."

"माझी गोष्ट वेगळी आहे."

"वेगळी कशी? जाऊबाई नेलपॉलिशने लिहितात, तुम्ही खडूने." तिने भाजीचं भांडं त्यांच्याकडे सरकवलं. "तुम्ही भार भरून, त्यांच्या शेजारी बसून का नाही बघत एकदा?"

"मी कुणाच्या शेजारी बसत नाही."

"दादांच्या शेजारी तरी कुठे बसलात कधी? ते बिचारे बोलवायचे."

हा घास मिस्त्रींना पाण्याबरोबर गिळावा लागला.

शनिवारी सकाळी नऊला ते धुलाईखान्याच्या दारात उभे होते, हातात पान्यांची पेटी. वहिनी गाठोडी मोजून घेत होत्या. गाडी ताडपत्रीच्या कमानीपर्यंत भरली होती आणि ओल्या साबणाचा वास अजून कापडातून येत होता.

"तुम्ही?"

"बसतो शेजारी. चालवा तुम्ही."

वहिनींनी त्यांच्याकडे, मग पेटीकडे संशयाने पाहिलं. "वाटेत काही सोडणार-आवळणार नाही ना?"

"रेघा शाबूत आहेत, गाडी परत देताना पाहिल्या मी."

वहिनींच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकलं, पण त्या शरमल्या नाहीत. "मग बरंच झालं. माझा टर्बो माझ्याकडेच आहे म्हणायचा."

गाडी शहराबाहेर पडली. मिस्त्री वहिनींच्या पायांकडे बघत होते आणि वहिनी मिस्त्रींच्या हातांकडे. पहिलं वळण आलं. वहिनींनी गिअर टाकला तो इतक्या नेमक्या क्षणी की मिस्त्रींना दादाचाच हात दिसल्यासारखं झालं. दुसरं वळणही तसंच गेलं. ह्या बाईच्या पायात खोट नाही, हे त्यांना कबूल करावं लागलं. पायात नाही, तर मग कुठे?

तिसऱ्या वळणावर गाडीने उसासा सोडला.

बारीक आवाज होता, 'फुस्स' असा, चाकातली हवा जावी तसा. इंजिनाच्या घुरघुरीत दुसऱ्या कुणाला तो ऐकूच आला नसता. पण मिस्त्रींनी मान झटकन खाली नेली. पुढच्याच क्षणी गाडीतलं अवसान गेलं. वहिनींनी एक्सलेटर तळाला दाबला; मागच्या आरशात काळा धूर पसरला.

"आता?" त्या म्हणाल्या. "आता मी गिअर चुकवला का?"

"नाही. बाजूला घ्या."

दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. वहिनींनी चाकाला दगड लावला. मिस्त्रींनी बॉनेट उघडलं. इंजिन चकचकत होतं, तोंड दिसेल असं. पण त्या चकाकीच्या पाठीमागे, जाड रबरी पाइपाच्या खालच्या बाजूला, तेलाच्या बारीक तुषारांचा काळा पट्टा उठला होता. हवा तिथून निसटत होती. रिकाम्या गाडीला टर्बोचा पुरता जोर लागतच नाही. म्हणून मिस्त्रींपुढे ती गुणी पोरासारखी वागली होती. भार आणि चढ एकत्र आले की हवेचा दाब वाढायचा, पाइपाचं तोंड फाकायचं, आणि इंजिनाचा श्वास अर्ध्या वाटेतच सांडायचा.

त्यांनी फडकं गुंडाळून पाइपावरची लोखंडी पट्टी सैल केली, पाइप ओढून काढला आणि उलटा केला.

पाइपाच्या कडेपासून दोन बोटं लांब चीर गेली होती. तिच्याभोवती सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली होती. काळ्यावर काळी, कुणी सुबक हाताने, एकेक वेढा बरोबर दाबून बसवलेली. पण ती ट्यूब आता फुगून, मऊ पडून, कुजल्या सालीसारखी सुटत होती. मिस्त्रींनी ती नाकाशी नेली. रॉकेलचा वास.

ते रस्त्याकडेच्या कठड्यावर बसले. रॉकेलने रबर सुजतं आणि मग वितळतं, हे त्यांना पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं. पक्क्या पाइपाला त्याने फारसं काही होत नाही. पण खाली अशी नाजूक पट्टी आहे हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि ते ब्रशने भरभरून रॉकेल ओतत होते. धुऊन नेल्यापासून, असं वहिनी म्हणाल्या होत्या. धुऊन नेल्यापासूनच.

चीर जुनी होती. म्हणजे दादाने ती लपवली होती. दादाच्या माथी मारून मोकळं होता आलं असतं. मेलेल्या माणसाला काय, तो उलट बोलत नाही. मिस्त्रींनी पट्टी मुठीत धरली.

"वहिनी," ते म्हणाले, "माझ्याच हातून झालं. रॉकेलने इथलं रबर गेलं. तुमचा संशय खरा होता."

वहिनी पुढे आल्या. त्यांनी मिस्त्रींची मूठ उघडायला लावली आणि पट्टी दोन बोटांत धरून उन्हाकडे नेली.

"ही मी गुंडाळली होती," त्या म्हणाल्या.

"तुम्ही?"

"इथेच, ह्याच वळणावर, दोन वर्षांपूर्वी. ह्यांच्या हाताला चटका बसला म्हणून मी गुंडाळली. आमच्या पोरीच्या सायकलची ट्यूब होती गाडीत, पंक्चर काढायला घेतलेली." त्यांनी पट्टीवरचं गोल ठिगळ दाखवलं. "हे म्हणाले, धाकट्याला सांगू नकोस. जुगाड केलेला कळला तर तो महिनाभर सुनावेल. मी नवा पाइप बसवून घेतो म्हणाले. मला वाटलं, घेतला असेल."

"मी सुनावलं असतं," मिस्त्री म्हणाले.

"सुनावलंच असतंत."

"थोरला भाऊ मला घाबरायचा, हे मला माहीतच नव्हतं."

"घाबरायचे कसले. तुमच्या तोंडाला कंटाळायचे," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांना हसू फुटलं. हसता हसताच त्यांनी डोळ्यांना पदर लावला. मिस्त्रींनी मान वळवून दरीकडे पाहिलं.

साडेदहा होऊन गेले होते. नवा पाइप गॅरेजात होता आणि गॅरेज टेकडीच्या पायथ्याशी. मिस्त्रींनी पेटीतला चाकू काढला. जन्मभर ज्याला ते शिवी दिल्यासारखं 'जुगाड' म्हणत आले, तेच करायची वेळ आली होती. चीर पडलेलं पाइपाचं टोक त्यांनी दोन बोटं कापून टाकलं. उरलेला पाइप ताणून ताणून जागेवर आणला.

"धरा इथे. चटका बसेल, फडकं घ्या."

"मला सवय आहे," वहिनी म्हणाल्या आणि दोन्ही हातांनी पाइप दाबून धरला. मिस्त्रींनी लोखंडी पट्टी आवळली, पुन्हा एक फेरा आवळली.

गाडी सुरू झाली. चढाच्या शेवटच्या टप्प्यावर मिस्त्री कान देऊन बसले होते. उसासा आला नाही. वहिनी मात्र प्रत्येक वळणावर एक डोळा आरशातल्या धुरावर आणि एक डोळा भावोजींवर ठेवून होत्या. सवय मोडायला वेळ लागतो. इस्पितळाच्या मागच्या दाराशी अकराला सात मिनिटं कमी असताना पहिलं गाठोडं उतरलं. कपड्यांच्या कोठीतल्या बाईंनी घड्याळाकडे पाहिलं आणि सही केली. सोमवारची फेरी वहिनींकडेच राहिली.

परत उतरताना मिस्त्री म्हणाले, "दुपारी गाडी सोडा माझ्याकडे. नवा पाइप घालतो."

"सोडते. पण उभी राहून करून घेणार."

"रहा उभ्या. भिंतीवरचा आकडाही तुमच्यासमोरच पुसतो."

"कसला आकडा?"

मिस्त्रींनी जीभ चावली. वहिनींनी गाडी हळू केली आणि त्यांच्याकडे पुरतं वळून पाहिलं. मग मागून कुणीतरी हॉर्न वाजवला, म्हणून पुन्हा रस्त्याकडे बघावं लागलं.

"पाइप घाला," त्या म्हणाल्या, "पट्टी आवळा. पण भावोजी, धुवू नका."