डावीकडचा बोल्ट

सासऱ्याचं आणि सुनेचं पटत नाही म्हणून डोकं धरून बसणारे मित्र मला आहेत. माझं दुखणं उलटं आहे. माझ्या बायकोचं आणि माझ्या वडिलांचं इतकं पटतं, की मला बघवत नाही. हे लिहितानाही थोडं जळतंच आहे, ते आधीच सांगून टाकतो.

अण्णांची उभी हयात पिंपरीतल्या एका कंपनीत मेंटेनन्सला गेली. बंद पडलेलं चालू करायचं, अडकलेलं सोडवायचं, हेच काम. मला मात्र त्यांनी कधी पाना हातात धरू दिला नाही. शिफ्ट संपवून आले की म्हणायचे, "तू अभ्यास कर. तुझे हात काळे व्हायला नकोत." झाले नाहीत. मी तळवड्याला एसीत बसून कीबोर्ड बडवतो, पुनावळ्यात फ्लॅट घेतलाय, आणि साधा स्क्रू कुठल्या बाजूला फिरवला की सुटतो हे मला क्षणभर आठवावं लागतं.

बायको चाकणजवळच्या गावातली, शेतकऱ्याच्या घरची. एका कारखान्यात क्वालिटीला आहे. तुटलेले, चिरलेले पार्ट तपासायचे आणि ते कशानं गेले ते शोधायचं, हे तिचं रोजचं काम. माहेरच्या रीतीप्रमाणे ती अण्णांना मामा म्हणते. जेवताना दोघं बेअरिंगवर बोलत असतात आणि मी आपली भाजी वाढून घेत असतो.

आमची चारचाकी गाडी जुनी, कोकणातल्या माणसाकडून घेतलेली. खाऱ्या हवेनं तिची खालची बाजू सगळी गंजून गेलेली. त्यात चाकणच्या रस्त्यावरच्या खड्ड्यांनी मागचे दोन्ही शॉकॲब्सॉर्बर बसले आणि गाडी मागून धाडधाड आपटायला लागली. गॅरेजवाल्यानं खाली वाकून पाहिलं आणि हात वर केले. "बोल्ट पार सडलेत भाऊ. तुटले तर आमची जबाबदारी नाही."

हे अण्णांना भलतंच लागलं. "तुटले तर म्हणजे काय? मी काढतो," म्हणाले. मला वाटलं, आता तरी मला हाक मारतील. त्यांनी हाक मारली सुनेला. "चल गं पोरी, तुला गंमत दाखवतो."

आठवडाभर रोज संध्याकाळी दोघं पार्किंगमध्ये उकिडवी बसून गंज सुटावा म्हणून बोल्टांना डिझेल पाजत होती. शुक्रवारी गाडी जॅकनं उचलून स्टँडवर चढवली आणि उजवीकडच्या बोल्टला पाना लावला. पाना अर्थातच तिच्या हातात. मी मोबाइलचा टॉर्च धरून उभा.

"एकदम सोडायला जायचं नाही," अण्णा सांगत होते. "आधी जरासा आवळायचा. गंज मोडतो. मग जरासा सोड. परत आवळ. घाई केली की गेला."

ती डोळे मिटून पाना मागेपुढे करत राहिली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "हालला मामा! व्हय, हाताला कळतंय."

"कळलं ना? बास. हे कुणाला तोंडानं शिकवता येत नाही." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "उजेड हलवू नको रे."

उजेड हलत होता कारण मी बोल्टकडे नाही, त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. हे मला कधी शिकवून पाहिलं होतं का? हा प्रश्न मी विचारला नाही. गिळला आणि झोपलो.

शनिवारी बायकोची पहिली शिफ्ट होती, ती कंपनीच्या बसनं गेली. दुपारी अण्णांचा डोळा लागला तसा मी पाना घेऊन खाली उतरलो. उजवीकडचा निघाला होता; राहिलेला डावीकडचा बोल्ट काढायचा आणि चहाच्या वेळी अण्णांच्या बशीशेजारी ठेवायचा, एवढीच इच्छा होती. आधी आवळायचा, मग सोडायचा, हे मला पाठ होतं. दोनदा केलंही तसं. तिसऱ्यांदा धीर सुटला. पान्याच्या दांड्यावर लोखंडी पाइप चढवला आणि सगळं अंग त्यावर टाकलं.

टक्क आवाज आला. सुटला, असं वाटून मी खुशीत हसलोसुद्धा. मग बोल्टचं डोकं घरंगळत माझ्या गुडघ्यापाशी आलं. बाकीचा बोल्ट आतच राहिला होता.

पुढे मी जे केलं त्याला सबब नाही. त्या डोक्याला ग्रीस लावलं आणि जिथलं तिथं चिकटवून ठेवलं.

रविवारी सकाळी बायकोनं पाना लावला, जरा ओढला, आणि डोकं तिच्या हातात आलं. तिनं ते उलटं करून नीट पाहिलं. तुटलेल्या जागेवरून बोट फिरवलं आणि ते अण्णांकडे दिलं. त्यांनीही पाहिलं. मग ती म्हणाली, "माझ्याकडून तुटला मामा."

अण्णा ड्रिल मशीन उचलून उभे राहिले. "मी चहा आणतो," म्हटलं आणि लिफ्टकडे सुटलो.

चहा घेऊन आलो तेव्हा ड्रिल तिच्या हातात होतं. अण्णा सांगत होते, "आमच्या डिपार्टमेंटला एक नियम होता. ज्यानं तोडला, त्यानंच काढायचा. दुसऱ्यानं हात लावायचा नाही. माणूस शिकतो तो तिथंच."

पुढचे दोन तास मी परत टॉर्च धरला. बरोबर मध्यावर खूण कशी करायची, आधी बारीक भोक, मग मोठं, मग त्यात रुतून तुकडा बाहेर काढणारं उलट्या आट्यांचं हत्यार कसं घालायचं. अण्णांचा हात तिच्या हातावर होता. इतका जळफळाट मला आयुष्यात कधी झाला नव्हता. बोल्ट मी तोडला होता. म्हणजे ते दोन तास माझे होते, तो हात माझ्या हातावर असायला हवा होता! ओरडून सांगावंसं वाटलं, पण पश्चात्ताप म्हणून नव्हे, हक्क म्हणून.

अखेर तो गंजका तुकडा फिरत फिरत बाहेर आला. "शाब्बास," अण्णा म्हणाले. "आता तू आमच्यातली झालीस." ती लाजून हसली.

नवे शॉकॲब्सॉर्बर बसले. बायको गाडी घेऊन चक्कर मारायला गेली. अण्णा चिंधीनं हात पुसत होते. माझ्याच्यानं राहवेना.

"अण्णा, तो बोल्ट मी तोडला होता. काल."

"माहिताय," ते म्हणाले. "आत्ता तुटलेल्या लोखंडाला आतून ग्रीस कुठून लागंल? तिलाही कळलं. तुझी लाज झाकली तिनं."

"मग मला का नाही विचारलं?"

त्यांनी चिंधी घडी करून पेटीत ठेवली. "ड्रिल घेऊन तुझ्याच तोंडाकडं बघत उभा होतो मी. तू चहा आणायला गेलास."