ट्रॅक्टरवरचे दोन वूफर

शेवगावात कारखान्याच्या रस्त्यावर माझं गाड्यांना साउंड बसवायचं दुकान आहे. गाळप सुरू झालं की कारपेक्षा उसाचे ट्रॅक्टरच जास्त येतात. मुका ट्रॅक्टर चालवायची ड्रायव्हरला लाज वाटते. मीही कामात कुणाला खोट काढू देत नाही. दुसऱ्यानं केलेली कशीबशी जोडणी बघितली की माझं डोकंच फिरतं.

त्या हंगामात दोन भाऊ आले. थोरला ट्रॅक्टर चालवायचा. धाकटा ऊसतोडीला होता, भरलेल्या ट्रॉलीवर बसून कारखान्यापर्यंत यायचा. आवाज वाढवला की त्यांचा अॅम्प बंद पडायचा. कुणा शहाण्यानं दोन वूफर एकत्र जोडून दोन ओहमचा भार चार ओहमच्या अॅम्पवर टाकला होता. ओहम कमी, तेवढा अॅम्पवर ताण जास्त. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मी दोन्ही वूफरना पुरेल असा, दोन ओहमला टिकणारा अॅम्प बसवला, बॅटरीपासून जाड वायर ओढली.

थोरला चहाला गेला होता. इंजिन चालू ठेवून मी सीटवर बसलो आणि गाणं लावलं. थोड्या वेळानं मडगार्डवर थाप पडली. धाकटा हसत उभा होता.

"वस्ताद, मागल्या ट्रॉलीवरून किती येळ बोंबलतोय! काईच ऐकू येत न्हाई व्हय?"

मी गाणं बंद केलं. तो पुन्हा ट्रॉलीवर जाऊन बोलला, तर इंजिन चालू असूनही शब्द न शब्द कळला. म्हणजे साउंड जोरात होता. मला ती कामाची पावती वाटली. थोरल्याला मी यातलं काही बोललो नाही.

पंधरा दिवसांनी, भर दुपारी, धाकटा उसावरून दोन ट्रॉल्यांच्या मध्ये घसरला. ट्रॉल्या जोडणारा दांडा धरून बराच लांब लोंबकळत गेला, असं मागून येणाऱ्यांनी सांगितलं. मग हात सुटला आणि चाक अंगावरून गेलं. गाणं चालूच होतं.

दहावा झाल्यावर थोरला दुकानात आला. अंगात मांस म्हणून राहिलं नव्हतं. खाली बघत म्हणाला, "दादा, त्यानं हाका मारल्या आसतील. गानं नसतं, तर मला ऐकू आल्या आसत्या का? तुमाला यातलं कळतं. खरं सांगा."

मी भ्यालो. त्याच्यासाठी भ्यालो, आणि माझ्यासाठीही.

"न्हाई," मी म्हणालो. "इंजिनापुढं मानसाचा आवाज पोचतच न्हाई."

तो तिथंच मोठ्यानं रडला. मग कितीतरी दिवसांत पहिल्यांदाच त्यानं माझ्यासमोर चहाबरोबर दोन पाव खाल्ले.

आता कुठलाही साउंड तपासताना मी मध्येच गाणं बंद करतो आणि मागं वळून बघतो. मागं कुणी नसतं. बायको म्हणते, तुम्हाला वेड लागलंय. थोरला अजून ट्रॅक्टर चालवतो. बाजारात भेटला की माझे दोन्ही हात धरतो आणि सोबतच्यांना सांगतो, "या मानसानं मला जगवलं."