दस्तगीर पाणीवाल्याची खानेसुमारी

दोन हजार वीस सालच्या श्रावणात लातूरचा ट्यूशन एरिया रिकामा पडलाय, असं सगळं गाव म्हणत होतं. क्लासेसची शटरं खाली होती, मेसच्या दारात चपलांचे ढीग नव्हते, झेरॉक्सवाले घरी बसले होते. एरवी जिथं सायकलींमुळे चालता येत नसे तिथं भर दुपारी कुत्री रस्त्याच्या मधोमध ताणून देत. एक दस्तगीर भिस्ती तेवढा हे मानायला तयार नव्हता. शारदा कॉलनीत तो रोज सकाळी वीस लिटरचे जार टाकायचा, आणि पंधरा दिवसांपासून जारांचा आकडा वाढत चालला होता.

"पोट्टे गये बोलते, तो पानी पीरा कौन?" त्यानं बायकोला, हुस्नाला विचारलं.

"तुमकू क्या करना जी? बिकरा ना, बस," हुस्ना म्हणाली.

पण दस्तगीरला बस होत नसे. सत्तेचाळीस वर्षांचा, उंचपुरा, खांद्याला जाराचा घट्टा पडलेला हा माणूस 'का' या शब्दाच्या मागं लागला की जेवण विसरायचा. फिजिक्सच्या क्लासवरून येणारी पोरं केमिस्ट्रीवाल्यांपेक्षा जास्त पाणी पितात, हे त्याच्या एका वर्षी ध्यानात आलं होतं. कारण शोधायला त्याला तीन महिने लागले. फिजिक्सचा क्लास तिसऱ्या मजल्यावर होता, एवढंच निघालं. पण ते कळलं त्या दिवशी तो मोठं इनाम लागल्यासारखा खुशीत होता.

पाणी त्याच्या घराण्यातच होतं. आजा आणि बाप दोघंही चामड्याची पखाल पाठीवर घेऊन लातूरच्या जुन्या मोहल्ल्यांत पाणी घालायचे. भिस्ती थेट माजघरापर्यंत जायचा, तेव्हा घरातलं भांडणही त्याला दिसे आणि रिकामी चूलही. बापानं दस्तगीरला एक गोष्ट बजावली होती: आत पाणी न्यायचं, आतलं काही बाहेर आणायचं नाही. दस्तगीरनं ते पाळलं होतं.

वीस वर्षांचा असताना भूकंप झाला. किल्लारीकडं टँकर जायला लागले तेव्हा एका टँकरवर तोही चढला. पत्र्यांच्या शेडमध्ये माणसं ठेवली होती आणि पाणी रोज दुपारीच संपायचं. छावणीतला डॉक्टर चिडायचा, कारण कागदावर माणसं दोनशे होती आणि पाणी दोनशेंना पुरेल एवढं येत होतं. दस्तगीर दोन दिवस नुसता नळीपाशी उभा राहून बघत बसला. तिसऱ्या दिवशी त्यानं डॉक्टरला सांगितलं, "साहेब, माणसं तीनशेच्या वर हायत. लांबचे नातेवाईक येऊन ऱ्हायलेत, पण त्यांचं घर पडलं न्हाई म्हणून कुणी नाव सांगंना." डॉक्टरनं मोजून घेतलं. तीनशे चौदा निघाले. पुढं लातूरचं नाव शिक्षणात झालं, गावोगावची पोरं खोल्या करून राहू लागली, प्यायच्या पाण्याची तर कायमचीच मारामार. आणि पखालीची जागा निळ्या जारांनी घेतली.

तर त्या श्रावणात एका सकाळी महापालिकेच्या आरोग्य केंद्रातल्या नीला सिस्टर शारदा कॉलनीत सर्व्हे करत होत्या. तोंडाला मास्क, त्यावर प्लास्टिकची काच, हातात तापमान बघायची बंदूक आणि घामानं भिजलेली यादी. गावात रोज साठ-सत्तर नवे पेशंट निघत होते. एक माणूस पॉझिटिव्ह आला की त्याच्या आसपासची सगळी माणसं शोधायची, हे त्यांचं काम. पण शारदा कॉलनीत प्रत्येक दारात एकच उत्तर मिळे: आम्ही घरचेच आहोत, पोरं मार्चमध्येच गेली.

कोपऱ्यावर दस्तगीर गाडी लावून उभा होता. सिस्टरनी त्याच्याही कपाळावर बंदूक धरली.

"सिस्टर, त्या पिवळ्या घरात किती माणसं लिहिली?" त्यानं विचारलं.

"चार. का हो?"

"चार माणसं रोज पाच जार पेयलेत. पंचवीस लिटर एका माणसाला. म्हैस बी पावसाळ्यात एवढं पेत न्हाई."

सिस्टरनी काच वर केली. "म्हणजे?"

दस्तगीरला बापाचं बजावणं आडवं आलं. तो म्हणाला, "कोण हाय ते मला इचारू नका. नाव सांगणार न्हाई. आकडा सांगतो. पाच जार म्हंजी पावसाळ्यात तीस माणूस."

पोरं परत आली होती. नीटची परीक्षा सप्टेंबरात ठरली होती, क्लास मोबाइलवर चालत होते, आणि हिमायतनगर, जळकोटकडच्या कितीतरी खेड्यांत मोबाइलला रेंज नव्हती. म्हणून आईबापांनी टाळेबंदीतून कुणाच्या दुधाच्या, कुणाच्या भाजीच्या गाडीत बसवून पोरं गुपचूप खोल्यांवर आणून सोडली होती. घरमालक बोलत नव्हते, कारण बोललं की इमारत सील करून दाराला पत्रे ठोकले जातील.

त्या आठवड्यात सिस्टरनी दस्तगीरच्या आकड्यावर सोळा घरं पुन्हा तपासली. यादीत एकशे बारा माणसं होती; प्रत्यक्ष चारशेच्या पुढं निघाली. सिस्टर रागावत नसत. दारात उभ्या राहून म्हणत, "मी तुम्हाला न्यायला आले नाही. ताप आला तर कुणाला फोन करायचा, तेवढा नंबर घ्या." हळूहळू पोरंच खिडकीतून हाका मारू लागली. आठ जण तापाचे सापडले, त्यातले तिघं पॉझिटिव्ह.

मग दस्तगीरचा अंदाज सपशेल आपटला.

गल्लीच्या टोकाला सरजाबाई नावाची म्हातारी एकटी राहायची. तिच्याकडं दिवसाआड दोन जार जाऊ लागले. दस्तगीरनं छातीठोक सांगितलं, "सात तरी माणसं हायत आत." सिस्टर दोन माणसं घेऊन, पीपीई किटचा पूर्ण पोशाख चढवून गेल्या. आत सरजाबाई एकटीच. पण घरभर पाणी! हंडे, कळश्या, पातेली, कुकर, पुरणयंत्राचा डबासुद्धा काठोकाठ भरून त्यावर फडकी बांधलेली.

"ज्या साली रेल्वेनं पाणी आलं त्या साली लई हाल झाले बाई," सरजाबाई म्हणाली. "आता समदंच बंद करायलेत. उद्या पाणी बंद केलं म्हंजी?"

सोबतची माणसं हसली. सिस्टर हसल्या नाहीत, पण परत जाताना दस्तगीरला म्हणाल्या, "दस्तगीरभाई, माझ्याकडं किट मोजके आहेत. नक्की असेल तेव्हाच सांगत जा."  आपण मोजत बसलो आणि भीतीसुद्धा पाणी साठवते हे आपल्या डोक्यातच आलं नाही, याचं दस्तगीरला जास्त वाईट वाटलं. दोन दिवसांनी त्यानं स्वतः जाऊन सरजाबाईला कबूल केलं, की काही झालं तरी तिचा जार चुकणार नाही. तेव्हा कुठं तिनं कुकर रिकामा केला.

पुढच्या सोमवारी तो शेषेरावांच्या इमारतीत गेला. शेषेराव हे निलंग्याकडचे बागायतदार. ऊस विकून लातुरात चार मजले चढवलेले. चौथ्यावर पत्र्याच्या तीन खोल्या होत्या, त्यांची नोंद कुठंच नव्हती. त्यातल्या एका खोलीपाशी तीन दिवसांना एक जार ठेवायचा, एवढंच त्याला सांगितलं होतं. तो जार शुक्रवारी ठेवला होता तिथंच, सील न फोडता उभा होता.

दस्तगीर जिन्यातच बसला. कमी पाण्याचा अर्थ लावायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती. खोली रिकामी असेल तर बाहेर दोरीवर ओढणी कशी? गावाला गेली असेल तर मालकानं जार बंद करायला सांगितलं असतं. सिस्टरला फोन करावा, तर सरजाबाईचं घर डोळ्यांपुढं येई. शेवटी तो उठला आणि त्यानं आयुष्यात न केलेली गोष्ट केली. गिऱ्हाइकाचं बंद दार वाजवलं.

"बेटा, पाणीवाला चाचा हाय. जार आत घेतला न्हाईस?"

त्यानं पुन्हा वाजवलं. मग आतून आवाज आला, "उचलत नाही, चाचा."

"संग कोणी हाय का?"

"नाही. मैत्रीण गावाला गेली." खोकल्याची उबळ आली. "कुणाला सांगू नका. मला नेतील. माझी परीक्षा आहे."

दस्तगीर दारालगत खाली बसला. नाव विचारलं. पुनम, जळकोटजवळच्या खेड्यातली. ताप पाच दिवसांचा होता. चहाला वास येत नव्हता म्हणून चहा सोडला, जेवण नको वाटलं, जार ओढायला गेली तर चक्कर आली. न्हाणीतल्या नळाचं पाणी पीत होती.

"परीक्षा कवा हाय?"

"तेरा सप्टेंबर."

त्यानं बोटांवर दिवस मोजले. "वीस दिवस हायत. आज गेलीस तर परत येऊन बसशील. आज न्हाई गेलीस तर माझ्यानं इथून उठवणार न्हाई, बेटा. मी बसून ऱ्हातो."

आतून मग कडी सरकल्याचा आवाज झाला.

दस्तगीरच्या फोनवर नीला सिस्टर वीस मिनिटांत आल्या. पुनमच्या बोटाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजन एक्याण्णव दिसला. सिस्टरनी खाली ओरडून अ‍ॅम्ब्युलन्स आणखी जवळ घ्यायला सांगितली. जिन्यात शेषेराव आडवे आले.

"दस्तगीर, तू पाणी टाकायला येतूस का चुगल्या करायला?"

"मालक, पोरगी तीन दिस न खाता पडून हाय."

"मला सांगायचं व्हतं! उद्यापासून माझ्या दारात पाय ठेवू नगंस."

 दस्तगीर रिकामे जार उचलून खाली आला आणि गाडीवर बसून पुढच्या घराकडं निघाला. त्या आठवड्यात आणखी पाच घरमालकांनी त्याच्याकडून पाणी घेणं बंद केलं. रात्री जेवताना तो हुस्नाला म्हणाला, "अब्बा रहते तो नाराज होते."

हुस्नानं त्याच्या ताटात भात वाढला. "अब्बा उस पोट्टीकू वैसाच छोडको आते थे क्या?" तिनं विचारलं.  हा प्रश्न दस्तगीरला सुचलाच नव्हता.

पुनम सरकारी दवाखान्यात अकरा दिवस होती. त्या इमारतीतल्या सत्तावीस जणांची तपासणी झाली, चौघं पॉझिटिव्ह निघाले. त्यात शेषेरावांची आईही होती. म्हातारीला श्वासाचा त्रास सुरू व्हायच्या आतच औषध सुरू झालं आणि ती घरी आली. सिस्टरनी आपल्या वरिष्ठांना सांगून आसपासच्या बाकीच्या पाणीवाल्यांनाही आकडे सांगायला बोलावलं. उदगीर नाक्याकडचा वीरभद्र आधी नाही म्हणाला, पण नाव सांगायचं नाही, फक्त आकडा, ही दस्तगीरची अट ऐकून तोही आला.

तेरा सप्टेंबरला पुनमचं सेंटर नांदेडला होतं. संध्याकाळी तिचा फोन आला. आवाजात अजून धाप होती.

"कसा गेला पेपर?"

"फिजिक्स जड होतं, चाचा."

"ते जडच आसतंय. तिसऱ्या मजल्यावर जावं लागतंय," दस्तगीर म्हणाला. तिला काही कळलं नाही, पण ती हसली. त्या वर्षी तिचा नंबर लागला नाही. पुढच्या वर्षीच्या परीक्षेवर नांदेडला आयुर्वेदाला प्रवेश मिळाला.

दोन हजार एकवीसच्या दिवाळीच्या तोंडावर आरोग्य केंद्रात लसीच्या दुसऱ्या डोसाची रांग लागली होती. दस्तगीरच्या पुढं शेषेराव उभे होते. चौदा महिन्यांत दोघांत शब्द नव्हता. रांग सरकत राहिली. दारापाशी आल्यावर शेषेराव मागं न बघताच म्हणाले, "आई इचारत व्हती तुला. क्लास सुरू झालेत. वर आठ पोरी आल्यात. सोमवारपासून जार टाक."

"आठ म्हंजी खरंच आठ का, मालक? का यादीतले आठ?"

शेषेरावांनी इकडंतिकडं पाहिलं. मग मास्कच्या आतून हळूच म्हणाले, "तेरा."

टेबलामागं सिरिंज भरत असलेल्या नीला सिस्टरनी मान वर न करता सांगितलं, "ऐकलं मी. बाही वर करा, शेषेराव."