अक्का आली कुठून

त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर साली मी सोलापुरात कॉलेजात भाषा शिकवत होते. घराजवळच्या कोपऱ्यावर एक म्हातारी शेंगाचटणी विकायला बसायची. गिऱ्हाईक विणकराघरचं असलं तर तेलुगू, अक्कलकोटकडचं असलं तर कानडी, नाहीतर मराठी. पण शाळकरी पोरीपासून म्हातारीपर्यंत सगळ्याजणींना तिची हाक एकच, "अक्का!" चिमूटभर चटणी तळहातावर ठेवायची आणि समोरची चाखेपर्यंत तिच्या तोंडाकडे बघत राहायची.

माझ्या केसांत तेव्हा एकही पांढरा नव्हता. सत्तरीच्या बाईची मी थोरली बहीण कशी? गिऱ्हाईक पटवायची युक्ती, दुसरं काय, असं म्हणून मी मुकाट्यानं चटणी घेऊन निघायचे.

त्या वर्षी मी शब्दांचे उगम शोधत होते. वहीत 'अक्का'पुढे कानडी, तेलुगू, संस्कृत असं लिहून प्रश्नचिन्ह टाकलं होतं. एकदा सहज तिलाच विचारलं, "मावशी, हा अक्का शब्द आला कुठून?"

"वळसंगाहून," ती लगेच म्हणाली. "माजी अक्का तितं व्हती. आई गेल्यावर तिनंच मला वाडवलं. आता ती न्हाय. पर तोंडाला सवय लागलीय की. दिसभर हाक मारली न्हाय तर घास उतरत न्हाय बगा."

घरी येऊन मी प्रश्नचिन्ह खोडलं आणि तिथं 'वळसंग' लिहिलं.

दुसऱ्या दिवशी तिनं हाक मारली, तेव्हा मी पहिल्यांदाच ओ दिली.