सीलबंद खोक्यातलं पेट्रोल

ती घटना आठवली की आजही आधी नाकात पेट्रोलचा वास शिरतो आणि मग बाकीचं डोळ्यांपुढे येतं. खरं म्हणजे उमेदीची वर्षं पोलीस खात्यात काढलेल्या माणसाला एखादा दरोडा नाहीतर खून आठवायला हवा. तेही आठवतात. पण घरी पाहुणे आले आणि मी घसा खाकरला की सौभाग्यवती आधीच सांगून टाकतात, "अहो, दरोडे राहू द्या, ती मोटरसायकल सांगा." म्हणून तीच सांगतो. नावं कुणाचीच घेणार नाही. ती सवय खात्यातली.

नाशिक ग्रामीणला पोलीस निरीक्षक असताना मी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि कतारला आलो. सामानाची बांधाबांध करून ते जहाजाने पाठवणाऱ्या एका कंपनीत मला 'सुरक्षा अधिकारी' म्हणून नेमलं. त्यातला अधिकारी फक्त ओळखपत्रावर होता. पहिल्या दिवशी गेटवर जुन्या सवयीने सॅल्यूटसाठी क्षणभर थांबलो. तिथला बिहारी वॉचमन म्हणाला, "अंकल, पार्किंग उधर है."

आमचं गोदाम हमद पोर्टच्या रस्त्याला होतं. इथल्या परदेशी लष्करी तळावरच्या सैनिकांची बदली झाली की त्यांचं घरसामान आम्ही बांधून पाठवायचो. अशाच एका सार्जंटची बदली दुसऱ्या देशात झाली. त्याला सामानासोबत स्वतःची मोटरसायकल न्यायची परवानगी होती. पण लष्कराचे नियम कडक. टाकी कोरडी हवी, बॅटरीची वायर सुटी करून तिला टेप मारलेला हवा, चाकांच्या खाचांत मातीचा कणही नको. तळावरच्या वाहतूक अधिकारी मॅडम स्वतः येऊन हे तपासायच्या. त्यांनी 'ठीक' म्हटलं की मोटरसायकल लाकडी खोक्यात उभी करून दोरखंडांनी आवळायची आणि झाकण ठोकायचं.

ही मोटरसायकल आमच्या ओळखीची होती. मधले काही महिने सार्जंट दुसऱ्या मोहिमेवर होता, तेव्हा ती आमच्याच गोदामात राहिली. जाताना त्याने आमच्या सुताराला खुणा करून सांगितलं होतं, अधूनमधून चालू करत जा, नाहीतर बसेल. हा सुतार बीडकडचा. खोकी बनवण्यात पटाईत, बोलण्यात कंजूस. दर शुक्रवारी तो ती गाडी धुवायचा, चालू करायचा आणि गोदामाच्या आवारात एक फेरी मारायचा. त्या फेरीत त्याची मान अशी काही ताठ असायची, की मी ऑफिसच्या खिडकीतून बघत बसायचो. आमच्या गावातला सरपंच बुलेटवरून असाच जायचा.

मॅडमनी गाडी तपासली. सुताराने झाकण ठोकलं, सील लागलं, फोर्कलिफ्टने खोकं ट्रकमध्ये चढलं आणि ट्रक निघाला. संध्याकाळच्या आत तोच ट्रक परत आला. बंदरावरच्या तपासनीसाला खोक्यातून पेट्रोलचा वास आला होता.

आमचा मॅनेजर लेबनॉनचा. एरवी सगळ्यांना लाडाने 'हबीबी' म्हणणारा माणूस त्या दिवशी मला पूर्ण नावाने हाक मारून म्हणाला (तो इंग्रजीत बोलला, मी मराठीत सांगतो), "हा लष्कराचा माल आहे. उद्या मॅडम येतील. ज्याने हे केलं त्याचं नाव मला त्यांच्या हातात द्यायचंय. त्याचा तळावर जायचा पास जाईल आणि तो मायदेशी जाईल. नाव मिळालं नाही तर तळाचं कामच जाईल."

मी आधी खोकं उघडून पंचनामा केला. इथे पंचनाम्याला काही किंमत नव्हती, पण हाताला सवय होती. टाकीत बाटलीभर पेट्रोल होतं. ट्रकच्या धक्क्यांनी ते हिंदकळून टाकीच्या झाकणातल्या बारीक छिद्रातून वास बाहेर आला होता. बॅटरी सुटी, टेप जागच्या जागी. टाकीचं झाकण नीट बसवलेलं आणि टाकीवर एकही ओघळ नाही. ओतताना सांडलेलं कुणीतरी फडक्याने पुसून घेतलं होतं. मी तिथेच थांबलो. आगी लावणारी माणसं मी पाहिलेली आहेत. ती पुसत बसत नाहीत.

तेवढ्यात खबर आली. वॉचमन माझ्या कानाशी लागून म्हणाला, "अंकल, फोर्कलिफ्टवाला सुबह बोतल ले के आया था. पीला पीला. मैं समझा जूस है."

फोर्कलिफ्टवाला नेपाळी, चाळिशीचा, हसतमुख. त्याला मी ऑफिसात बसवलं, कडक चहा मागवला आणि गप्प बसलो. ही माझी जुनी पद्धत. चहा संपेपर्यंत आपण बोलायचं नाही, समोरचाच बोलायला लागतो. या माणसाने चहा संपवला, कप विसळून आणला आणि पुन्हा शांत बसला. शेवटी मलाच बोलावं लागलं.

"बोतल तुम्हारा था?"

"जी सर."

"उसमें पेट्रोल था?"

"जी सर."

"टाकी में तुमने डाला?"

त्याने विसळलेला कप उचलून पुन्हा पालथा ठेवला.

"किसने डाला?"

"मालूम नहीं सर."

पुढे तासभर 'मालूम नहीं' याच्यापलीकडे काही नाही. मॅनेजरने दारातून डोकावून विचारलं, "खलास?" मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, बाटली त्याची, पेट्रोल त्याचं, आणखी काय पाहिजे? वरवर पाहता त्याचं बरोबर होतं. पण खोटं बोलणारा माणूस बोलत सुटतो, हा माझा अनुभव. नसलेल्या मावशीच्या आजारपणापर्यंत जातो. जो स्वतःवरचं कबूल करतो आणि पुढे तोंड मिटतो, तो दुसऱ्या कुणाला तरी पाठीशी घालत असतो. हा कुणाला घालत असेल? त्याच्या खोलीत दुसरा कोण राहतो ते मी वॉचमनला विचारलं. सुतार राहत होता.

आता संशयित मिळाला, पण हेतू सापडेना. ज्याने महिनोन् महिने ती गाडी लेकरासारखी जपली, तो खोक्यात बंद होणाऱ्या तिच्या टाकीत पेट्रोल कशाला ओतेल? मी मान खाली घालून अल मुंतझातल्या आमच्या फ्लॅटवर परतलो. भूक लागली होती. ओट्यावर एक स्टीलचा डबा दिसला, उघडला, तर आत रव्याचे लाडू.

"हात लावू नका," सौभाग्यवती कडाडल्या. "शेजारच्या मल्याळी वहिनींचा डबा आहे. परत द्यायचाय."

"मग दे की. लाडू कशाला त्यात?"

"रिकामा देऊ? इतकी वर्षं संसार केलात, काही कळतं का? कुणाची वस्तू रिकामी परत करतात का?"

माझा हात लाडवावर तसाच राहिला. चिरंजीव सोफ्यावरून म्हणाले, "बाबा, व्हाय आर यू स्मायलिंग लाइक दॅट?" त्याला मराठी सगळं कळतं, फक्त बोलत नाही. मी म्हटलं, "तुझ्या आईने केस सोडवली." सौभाग्यवती म्हणाल्या, "आणि तुम्ही लाडू ठेवा."

दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा मॅनेजरने अहवालात फोर्कलिफ्टवाल्याचं नाव घालूनही ठेवलं होतं. मी म्हटलं, मॅडम येईपर्यंत थांब. तो म्हणाला, कशासाठी? पुरावा आहे का? पुरावा नव्हता, एक लाडवाचा डबा होता, आणि तो त्याला इंग्रजीत समजावणं मला जमलं नसतं. एक मात्र मी पक्कं ठरवलं होतं. निरपराध माणसाचं नाव त्या कागदावर मी राहू देणार नव्हतो आणि खऱ्या माणसाचं नाव मी माझ्या तोंडाने घेणार नव्हतो. ते त्याच्याच तोंडून यायला हवं होतं. पकडलेला आणि पुढे आलेला, यांच्यातला फरक कुठल्याही देशातला साहेब ओळखतो.

मी सगळ्यांना विश्रांतीच्या खोलीत बोलावलं. सुतार भिंतीला टेकून उभा होता. फोर्कलिफ्टवाला नेहमीच्या जागी बसला होता, फक्त हसत नव्हता. मी हिंदीत एवढंच म्हणालो, "रिपोर्ट में इसका नाम गया है. मॅडम आ रही है. पास जाएगा, फिर ये घर जाएगा. किसी को कुछ बोलना है तो अभी बोलो." आणि खुर्ची ओढून बसलो. घड्याळाकडे बघितलं नाही, सुताराकडेही नाही. जमिनीवरच्या फरशा बघत राहिलो. मनात म्हटलं, बोल बाबा. बोल लवकर.

भिंतीकडून आवाज आला. मराठीत.

"साहेब, त्याचं नाव काढा. बाटली त्यानं आनली, पन मी सांगितली म्हनून. कशाला पायजे ते त्याला ठावं नव्हतं. टाकीत मी वतलं."

"भाई, तू चुप बैठ ना!" फोर्कलिफ्टवाला उसळला. मराठी कळत नसली तरी काय चाललंय ते त्याला कळलं होतं. "अब दोनों जाएँगे, पागल."

"कवा वतलं?" मी सुताराला विचारलं.

"मॅडम तपासून गेल्या, अन् मी झाकन ठोकायच्या आधी."

"कामून?"

"एवढे महिने त्याच्या गाडीवर बसलो, साहेब. गावाकडं कुनाची गाडी नेली तर टाकी रिकामी करून परत देतो का आपन? तो मानूस परक्या देशात उतरनार. पंपापत्तूर ढकलत नेईन का?"

"अरे, पण टाकी कोरडी करायचा नियम तूच तुझ्या हाताने पाळलास ना?"

"तो तपासनीचा नियम, साहेब. तपासनी झाली की मंग..."

हे मला अनोळखी नव्हतं. नाका दिसला की हेल्मेट डोक्यावर, नाका गेला की आरशाला. आयुष्यभर मी हेच पाहिलं होतं, पण कतारमध्ये लष्कराच्या खोक्यात भेटेल असं वाटलं नव्हतं.

मॅडम आल्या. सोबत सार्जंटही होता. त्याची गाडी जहाजावर चढली नाही म्हणून तो चिडलेला होता. मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं, अगदी रिकाम्या डब्याच्या रीतीसकट. मॅडम वितळल्या नाहीत. "जहाजाला आग लागली असती," त्या म्हणाल्या, "तर ही रीत खलाशांना समजावायला कोण गेलं असतं?"

त्यांनी अहवालावरचं नाव पाहिलं, मग सुताराकडे पाहिलं आणि मला विचारलं, "यानं सांगितलं ते तुम्ही नाव घेण्याआधी की नंतर?"

"आधी," मी म्हणालो. "कुणीही त्याचं नाव घेण्याआधी."

त्यांनी अहवालावरच्या नावावर काट मारली. फोर्कलिफ्टवाल्याचा पास तसाच राहिला. सुताराचा रद्द झाला नाही, थांबवला गेला. सुरक्षेचं प्रशिक्षण पुन्हा पूर्ण करेपर्यंत त्याने तळावर पाऊल ठेवायचं नाही आणि वाहनांच्या खोक्यांना हात लावायचा नाही. तोपर्यंत त्याला लुसैल शहरातल्या फर्निचरच्या कामावर पाठवायचं ठरलं. मायदेशी कुणी जाणार नव्हतं. मॅनेजर मला पुन्हा 'हबीबी' म्हणाला.

टाकी पुन्हा रिकामी करायची होती. तेवढी सुतारालाच करू द्या, अशी विनंती मी केली आणि मॅडम समोर उभ्या राहिल्या. सार्जंटने गाडी कलती धरली, सुताराने नळी लावली. शेवटचा थेंब डब्यात पडल्यावर तो उकिडवा बसूनच मला म्हणाला, "साहेब, त्यांना सांगा, मी रिकामी देतोय, पन मनानं न्हाई."

माझं इंग्रजी ठाण्यातलं. मी म्हणालो, "सर, ही इज गिव्हिंग एम्टी, बट नॉट फ्रॉम माइंड." सार्जंटने आधी माझ्याकडे पाहिलं, मग सुताराकडे. याचा अर्थ त्याने कसा लावला देव जाणे. पण त्याचा राग उतरला. तो म्हणाला, "मी ठेवून गेलो तेव्हा ही धड चालू होत नव्हती. काल बांधायच्या आधी एका बटणात चालू झाली. त्याला सांगा, भरून द्यायचं काही राहिलेलं नाही." हे भाषांतर मला बरं जमलं असावं, कारण सुताराने तोंड फिरवून उगाचच खोक्याचा एक खिळा चाचपला.

खात्यात आम्हाला शिकवलं होतं, गुन्ह्यामागचा हेतू शोधा. हेतू वाईटच असणार हे कुणी शिकवलं नव्हतं, ते मी आपल्या मनानेच धरून चाललो होतो. चांगल्या हेतूनेही जहाज जळू शकतं, म्हणून नियमात सूट नाही, हे मी सुताराला स्पष्ट बजावलं. पण त्या दिवसापासून चौकशीत मी एक प्रश्न वाढवला आहे: "यात तुला भलं कुणाचं करायचं होतं?" भोळी माणसं लगेच सांगून टाकतात. अट्टल चोर असेल तर तो या एका प्रश्नावर अडतो आणि त्याच्यासाठी पाणी मागवावं लागतं.