चांदीवरचं धुकं

समोरच्याला एखादी गोष्ट सुखासुखी पाहू द्यायची नाही, या बाबतीत माझ्या मावशीच्या यजमानांचा हात धरणारा माणूस बेळगावात तरी नसावा. खासबागेत सगळे त्यांना आप्पा म्हणतात. शाळेत चित्रकला शिकवून ते निवृत्त झाले, पण दुसऱ्याची मान धरून 'इकडनं बघ' म्हणायची सवय काही निवृत्त झाली नाही. निपाणीला त्यांच्या भाच्यासाठी मुलगी पाहायला गेलो, तर यांनी मुलगी सोडून तिच्या मागच्या भिंतीवर पडलेलं ऊन त्याला दाखवलं. ते लग्न जमलं नाही. गुंजी स्टेशनात समोर आलेली गाडी त्यांनी जाऊ दिली, कारण डोंगरावरची ढगाची सावली अजून सरकायची होती. आम्ही सामानासह फलाटावर बसून राहिलो. त्याबद्दल आप्पांना अजूनही काही वाटत नाही.

त्यात हे नाणं आलं. चीनमधल्या कुणा प्राचीन निसर्गचित्रकाराच्या स्मरणार्थ काढलेलं, चांदीचं. सिंगापूरला असलेल्या पुतण्यामागे तगादा लावून आप्पांनी ते मागवलं. एका बाजूला दाढीवाला चित्रकार. दुसऱ्या बाजूला डोंगर, झाडं आणि मधोमध धुकं. बाकीची चांदी चकचकीत, धुक्यापुरती तेवढी मुद्दाम खरखरीत, पांढुरकी ठेवलेली. पारदर्शक डबी उघडायची कुणालाही परवानगी नव्हती. दारात आलेल्या प्रत्येकाला, अगदी गॅसचा सिलिंडर घेऊन आलेल्यालाही, धुकं दिसल्याचं कबूल केल्याशिवाय सुटका नसे. त्यात एवढं काय आहे, असं एकदा मी वैतागून विचारलं. आप्पा म्हणाले, "जन्मभर रंगवाय बघितलं रं. मला धुकं कधी जमलं न्हाय. ह्यांनी चांदीत काढलंय."

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आप्पा संकेश्वरला गेले होते. संध्याकाळी परतले तेव्हा मी त्यांच्या घरीच होतो. चौरंगावर पूजेच्या जुन्या रुपयांशेजारी ते नाणं उघडं मांडलं होतं. दाढीवाल्याला हळदकुंकू लावलं होतं. पूजेची चांदी दर दिवाळीला चिंच आणि रांगोळीनं घासायची रीत. मावशीनं हेही घासलं होतं. धुक्याच्या जागी गुळगुळीत चांदी लखलखत होती.

"मधेच पांढरा डाग पडलता बघा," ती आनंदानं सांगू लागली. "किती घासलं तवा गेला. तुमच्या ऋषींना डबीत कोंडून ठेवलंतं, आज लक्ष्मीजवळ बसवलं."

आता महिनाभराचं भांडण ठरलेलं, असं धरून मी चपला शोधू लागलो. आप्पांनी नाणं उचललं, समईजवळ नेऊन बराच वेळ पाहिलं आणि पुन्हा चौरंगावर ठेवलं.

"लई चमकतंय," ते म्हणाले. "बरं केलंस."

तो डाग काय होता, हे मावशीला अजूनही ठाऊक नाही. आप्पांनी सांगितलेलं नाही आणि आम्हालाही सांगू दिलेलं नाही. पाहुण्यांचा छळ मात्र थांबला नाही. नाणं तसंच बाहेर येतं, फक्त डबीशिवाय. परवा गेलो तर पुन्हा माझ्या तोंडासमोर धरलं. मावशी चहा घेऊन दारात उभी होती.

"धुकं दिसलं न्हवं?" आप्पांनी विचारलं.

नाण्यात मला माझंच नाक दिसत होतं. दिसलं, म्हणालो.