मावशींचं नाक

आमच्या दवाखान्यात कुत्र्यांचे कान साफ करणाऱ्या मावशींच्या नाकावर माझा मायक्रोस्कोपपेक्षा जास्त भरवसा होता. एकोणीस वर्षं. कुत्रा टेबलावर चढला की मावशी त्याचा कान उलटा करून हुंगायच्या आणि सांगायच्या, "हा नुसता मळ," किंवा "डॉक्टर, हा हट्टी आहे." हट्टी म्हणजे साध्या औषधांना भीक न घालणारे जिवाणू. चार दिवसांनी प्रयोगशाळेचा अहवाल यायचा, तो मावशींच्या शब्दावर शिक्का मारायला. मीही निर्धास्त झाले होते. 'वास गेला' असं त्या म्हणाल्या की औषध बंद करायचे, कानातला मळ काचेवर घेऊन बघायचा आळस करायचे.

टेलरबाईंचा ढब्बू आला तो दोन्ही कान फुटूनच. टेलरबाईंना स्वतःला ऐकू येत नाही. बेल वाजली की ढब्बू मशीनखाली शिरून त्यांच्या पायाला ढुशी द्यायचा, गिऱ्हाईक आलंय म्हणून. त्याचे कान गेले तर दुकानच बसणार. मी मोठ्या अक्षरांत लिहून दिलं: आधी कान धुवायचा, पू निघाल्यावरच थेंब घालायचे, सहा आठवडे.

चौथ्या आठवड्यात मावशींनी हुंगलं. "गेला वास." मी थेंब बंद केले.

पंधरा दिवसांनी ढब्बू मान वाकडी करून, भेलकांडत आला. वास दारातूनच आला, तोही मला, जिला बारमाही सर्दी. मावशी कान उलटा करून म्हणाल्या, "काही नाही, मळ आहे."

मी ओरडलेच. "मावशी, खोलीभर घाण सुटलीय!"

त्या मटकन स्टुलावर बसल्या. "तापात गेलं हो नाक. पाच महिने झाले. दूध करपलं तरी सून सांगते तेव्हा कळतं. मी आपली बघून अंदाजानं सांगायचे. नाक नाही म्हटल्यावर मला इथं कोण विचारणार?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण काचेवर बघायला माझा हात कुणी धरला होता? राग गिळला. शरम गिळता येईना.

डाव्या कानाचा पडदा फाटून पू आत उतरला होता. तो कान आतून काढून टाकावा लागणार, त्या बाजूनं ढब्बूला ऐकू येणार नव्हतं. उजव्या कानातल्या मळाची काच या वेळी मी स्वतः पाहिली. जिवाणू होतेच, पण पडदा शाबूत होता. टेलरबाईंना सगळं लिहून दिलं, शेवटी 'चूक आमची' हेही. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि माझ्याकडे बघितलंच नाही.

ढब्बू टेबलावर गुरगुरत होता, कुणाला हात लावू देईना. टेलरबाईंनी मावशींचं मनगट धरलं आणि हात त्याच्या नाकापुढे नेला. त्यानं हुंगला आणि मुकाट्यानं आडवा झाला.

मावशींना रडू आवरेना. "कसला वास येत असेल हो ह्याला माझ्या हाताचा?"

मी भुलीचं इंजेक्शन भरत राहिले.